सीटखालची वायर

आमच्या घरात माझ्या लग्नाची एक गोष्ट आहे. ती मीच सांगतो. पाहुणे जमले, जेवणं उरकली, अडकित्ता हातात आला की कुणीतरी म्हणतंच, "ती जीपची सांगा की." मग मी सांगतो. दुष्काळातला नवरदेव, लिलावातली जीप, जीपला बांधलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा, आणि ऐन मारुतीच्या देवळापुढं हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना. पोरं हसून लोळतात. बायको पदर तोंडाला लावते. गोष्ट मी एका ठरावीक जागी संपवतो. इतकी वर्षं तिथंच संपवत आलोय. त्याच्या पुढचं बायकोला ठाऊक नाही, भावाला नाही. ज्या पोरांच्या देखत मी माझी एवढी फजिती सांगतो, त्यांना तर नाहीच नाही.

आज पुढचं सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही माझ्या समोर बसलेले नाही म्हणून. समोर माणूस बसलं की मला ते हसवावंसं वाटतं. खोडच आहे माझी, आणि या खोडीनं मला लई वर्षं लपवून ठेवलंय.

पण हसण्याचा भाग आधी सांगून घेऊ द्या. त्याशिवाय मला सुरुवातच जमत नाही — बघा, इथंही तेच.

बहात्तरच्या दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. तेरणेच्या पात्रात पोरं गोट्या खेळत होती. आमच्या भागातल्या एका सहकारी संघाच्या गोदामात मी कामाला होतो. संघाचं नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. गोदामात त्या साली धान्य म्हणावं असं काही नव्हतंच. यायची ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, आणि सुकडी. सुकडी म्हणजे गोडसर कोरडं खाणं. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या मजुरांना कामावर वाटायचं. मी पोती उतरवून घ्यायचो, चढवून द्यायचो. पण सगळे मला म्हणायचे वायरमन.

वायरमन मी नव्हतो. सोलापूरला त्याचं शिक्षण घ्यायला गेलो होतो आणि अर्ध्यातून परत आलो होतो. आमचे वडील चारचौघांत सांगायचे, "आमचं पोरगं बटण दाबायचं शिकून आलं. बंद करायचं ऱ्हायलं." लोक हसायचे. मीही हसायचो. तरी गोदामातला दिवा गेला की हाक मलाच, रेडिओ खरखरला की मलाच. आणि संघाच्या जीपला काही झालं तरी मलाच.

त्या जीपला रोज काही ना काही व्हायचंच. मिलिटरीच्या लिलावातून आणलेली, हिरव्यावर पांढरा रंग मारलेली, आणि पांढऱ्याखालून हिरवा परत वर आलेला. इंजिन बरं होतं. वायरिंगचं मात्र विचारू नका. कापडाचं वेष्टन असलेल्या जुन्या वायरी, कापड कुजलेलं, जिथं कुजलेलं नव्हतं तिथं गोदामातल्या उंदरांनी खाल्लेलं. उजवीकडं वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. ब्रेक दाबला की पुढचे दिवे मंद व्हायचे. वायपर चालत नव्हता, पण पाऊसच नव्हता, म्हणून ती तक्रार कुणी केली नाही.

जीप चालवायचे नाना. नाव ग्यानबा, पण सगळ्या संघाचे नाना. आमच्याच गावचे, आमच्या गल्लीला लागून त्यांचं घर. पंचेचाळिशीचा गडी, अंगानं दणकट, आणि बढाईखोर तर असा की बोलता सोय नाही. आपल्याइतकी गाडी उस्मानाबादपासून सोलापूरपर्यंत कुणाला हाकता येत नाही असं ते सांगायचे, आणि गाडी बंद पडली की बॉनेटही न उघडता खाली बसायचे. जीपला ते 'बाई' म्हणायचे. "वायरमन, बाईचं डोस्कं दुखायलंय. बघ जरा." मी बघायचो. कुठली तरी वायर हलवायचो, आणि बाई चालू व्हायची. का चालू झाली ते आम्हा दोघांनाही कळायचं नाही.

नानांच्या तोंडात कायम बिडी असायची. आणि त्या जीपची पेट्रोलची टाकी असते कुठं, ठाऊक आहे? ड्रायव्हरच्या सीटखाली. हमाल म्हणायचे, "नाना, एक दिवस सीटसकट वर जाताल तुमी." नाना धूर सोडून म्हणायचे, "गेलो तर बरंच हाय की. पाऊस कुठं अडकून बसलाय ते बघून येतो."

नानांची बहीण सोजरअक्का. धाकटी, नवरा वारलेला, लहान लेक घेऊन भावाकडं राहायला आलेली. ती तलावाच्या कामावर पाटी वाहायची. जीभ नानांच्याही वरताण. माझ्या अंगाला हळद लावताना सगळ्या बायकांत मोठ्यानं म्हणाली, "वायरमन, बायकुला पयल्याच दिशी शॉक दिऊ नगा. ती माहेरी पळून जाईल, अन परत आणायला आमच्या दादाचीच जीप लागंल." मी काहीतरी उलट बोललो होतो. काय बोललो ते आठवत नाही. तिचं मात्र शब्दन् शब्द आठवतं.

तर वरात.

लोकांना पाणी मिळत नव्हतं, रॉकेल मिळत नव्हतं, आणि मला वरातीत दिवे हवे होते. मॅनेजर साहेबांच्या हातापाया पडून एका संध्याकाळपुरती जीप मागून घेतली. सोलापूरहून मोटारीचे बारके बल्ब आणले, त्यांना पतंगाचा रंगीत कागद गुंडाळला, माळा केल्या, आणि जीपला बांधल्या. चालू केल्या की फ्यूज उडायचा. दुसरा घातला, तोही उडाला. एवढा भार त्या जुन्या वायरिंगला झेपत नव्हता. ती बिचारी सांगत होती, झेपत नाही म्हणून. मी ऐकलं नाही.

फ्यूज म्हणजे काय — बारीकशी तार. काही गडबड झाली की ती आधी जळते, म्हणजे बाकीचं वाचतं. एवढं तर मी शिकलो होतो की. अर्ध्यातून परत आलो असलो तरी एवढं पहिल्याच महिन्यात शिकवतात. मी फ्यूजचा नाद सोडला. थेट बॅटरीवरून एक जाड वायर घेतली, पायाखालच्या रबरी चटईखालून, ड्रायव्हरच्या सीटखालून, टाकीच्या अगदी कडेनं मागं नेली आणि माळांना जोडली. सगळे दिवे भक्कन लागले. नाना म्हणाले, "बाई नटली रं!"

टँकरची वाट बघत बायका घागरी लावून वेशीत बसल्या होत्या. त्यांच्या समोरून माझी वरात गेली. झगमगत. देवळापुढं वळताना हॉर्न लागला तो थांबेना, नवरी घाबरून माझा दंड धरून बसली, नानांनी डॅशबोर्डावर बुक्क्या मारल्या, शेवटी कुणीतरी हॉर्नची वायरच उपटली... गोष्ट मी इथं संपवतो. इथं सगळे हसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्नची वायर परत जोडली, माळा सोडल्या. वायरीचं मागचं टोक मोकळं राहिलं. मोकळं म्हणजे जितं. दुसरं टोक बॅटरीला तसंच होतं. ते सोडवायला बॉनेट उघडायचं, पान्यानं एक नट ढिला करायचा, झालं. एवढंसं काम. पान्याला हात घातला तर आई ओट्यावरून ओरडली, "अंगावर हळद हाय अन लोखंड काय धरायलास?" नाना स्टिअरिंगवर बसून होते, सुकडी पोचवायला उशीर होत होता. म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. ही काय पळून चाललीय?" टोकात करंट आहे, हे त्यांना मी सांगितलं नाही. घरातून जखमेला लावायची चिकटपट्टी आणली. दुसरं काही नव्हतं. ती त्या उघड्या टोकाला गुंडाळली आणि टोक मागच्या बाकाखाली खोचून दिलं. उद्या काढू म्हटलं.

पण उद्या मी जाणार कसा? आमच्याकडं हळद उतरेपर्यंत नवरदेवानं वेस ओलांडायची नसते. आणि हळद उतरवायची म्हणजे नवरा-नवरीला न्हाऊ घालायचं, बायकांनी पाणी उडवायचं, सगळ्या भावकीनं भिजायचं. पाणी कुठं होतं? टँकर येईना म्हणून हळद उतरेना, आणि हळद उतरेना म्हणून मी वेशीबाहेर जाईना. पिवळ्या अंगानं ओसरीवर बसून होतो. नवी बायको आत. काम नाही, धंदा नाही. आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते ते. खोटं कशाला सांगू?

आता नीट ऐका. मी विसरलो होतो का? नाही. बायको दिव्यांचं कौतुक करायला लागली तेव्हा ती वायर मला लख्ख आठवली. कुठून कुठं गेलीय, टोक कुठं आहे, सगळं. नाना रोज संध्याकाळी जीप घेऊन आमच्या दारावरून घरी जायचे. हॉर्न वाजवून मला चिडवायचे — "नवरदेव, उतरली का न्हाय हळद?" मी ओसरीवरून हात करायचो. "नाना, जरा थांबा," एवढं म्हटलं असतं तर? पान्याचं काम माझ्या भावानंही केलं असतं. पण बायको दाराआड उभी असायची. तिला मी सांगितलं होतं, आपण जे काम करतो ते पक्कं करतो. तिच्यासमोर जीप थांबवून म्हणू, की मी एक वायर धोक्याची ठेवलीय?

म्हणालो नाही. एकदा नाही, आणखी एकदा नाही. रोज संध्याकाळी.

जीपच्या मागं सुकडीची पोती असायची आणि तलावावर न्यायची पाण्याची टिपं, पत्र्याची पिंपं. टिपं हिंदकळायची, मागचा सगळा पत्रा ओला राहायचा. ओल्यात चिकटपट्टी किती टिकणार? त्या दुपारी सोजरअक्काला कामावर ताप भरला. नानांनी तिला मागं रिकाम्या पोत्यांवर झोपवलं आणि तेरच्या दवाखान्याकडं निघाले. वाटेत त्यांनी बिडी पेटवली, दोन झुरके मारले, अक्का खोकायला लागली म्हणून बाहेर भिरकावली. पुढं काही अंतरावर त्यांना पाठीमागून ऊब लागली.

यातलं काही मी पाहिलेलं नाही. लोकांनी सांगितलं तेवढं ठाऊक. पोती पेटली, लुगडं पेटलं. नानांनी तिला हातांनी ओढून काढलं. मग टाकी पेटली. खडीचा एक ट्रॅक्टर मागून येत होता, त्यावरून तिला नेलं. उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात ती आठवडाभरही राहिली नाही. तिची लेक कमल तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. ती आमच्या ओसरीवर माझ्या बायकोच्या मांडीवर झोपली होती, हे मी पाहिलंय.

जीप पेटल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी मी वेस ओलांडली. हळद तशीच. आई मागून हाका मारत होती. जीप ओढून गोदामाच्या आवारात आणून टाकली होती. सांगाडा नुसता. तिथं कुणी नव्हतं, सगळे दवाखान्याकडं गेले होते. मी वाकून सीटखाली पाहिलं. माझी वायर तिथंच होती. वरचं सगळं जळून नुसतं तांबं राहिलेलं, काळंनिळं. मागचं टोक पत्र्याला चिकटलं होतं. वितळून, मण्यासारखं गोल होऊन चिकटलं होतं. असं तांबं करंटच्या ठिणगीनंच वितळतं. आगीनं वायर जळाली की वायरीनं आग लागली, याची शंका घ्यायला त्या मण्यानं जागाच ठेवली नव्हती. अर्धं शिकलेल्या वायरमनलाही कळत होतं.

मी ते टोक उचकटून काढलं. बॅटरीकडचं काढलं. गुंडाळी केली आणि सदऱ्याच्या आत घातली — लग्नातलाच सदरा होता. घरी येताना आमच्या मळ्यातल्या विहिरीत टाकली. विहीर कोरडी होती. खाली पडल्याचा आवाज स्पष्ट आला.

पुढं चौकशी झाली. चौकशी कसली, मॅनेजर साहेब आवारात खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला विचारत गेले. मला म्हणाले, "वायरमन, गाडीची वायरिंग तुम्हीच बघत होता. त्यात काही दोष?"

मी तोंड उघडायच्या आत लिंबाखालून आवाज आला. नाना बसले होते. दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या, कोपरापर्यंत. "त्येला काय इचारता साहेब? ते पोरगं काय करंल? माझी बिडी हुती. म्या फेकली, वाऱ्यानं उलटून आत आली. सगळी सांगत हुती टाकीवर बसून वडू नगा म्हणून. म्याच न्हाय ऐकलं."

साहेबांनी परत माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "वायरिंग जुनी होती साहेब. पण दोष काही नव्हता."

त्यांच्यावर आळ मी घातला नाही, हे इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो. खरंच आहे ते. आळ त्यांनीच उचलून डोक्यावर घेतला. मी फक्त तो तिथं राहू दिला.

नानांची नोकरी गेली. हात बरे झाले पण बोटं पुरती मिटेनात, म्हणून स्टिअरिंग कायमचं सुटलं. पुढं ते कॅनॉलवर रखवालीला राहिले. बढाया बंद झाल्या. बिडीला परत हात लावला नाही. कुणी शेजारी ओढायला लागलं तर उठून जायचे. आणि आणखी एक सुरू केलं त्यांनी. आमच्याकडं पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. सोजरअक्का धरायची. ती गेल्यावर नानांनी तो उपास स्वतः धरायला सुरुवात केली. मिशीवाला बाप्या माणूस, बायकांचा उपास. गावात थट्टा व्हायला लागली — "नाना, मग उद्या झोका पण बांधू का?" सगळा पार खो-खो हसायचा. नानाही कसनुसं हसायचे.

ती थट्टा पहिल्यांदा मी केली होती. पारावर, दहा जणांत. मला वाटलं... काय वाटलं मला? काही नाही वाटलं. सुचली आणि केली.

कमल नानांकडंच वाढली. नानांना लेकरू नव्हतं, नानी त्याआधीच वारलेल्या. मी जमेल तसं बघायचो. दिवाळीला कपडे, शाळेची पाटी, आजारपणात दवाखाना. लोक म्हणायचे, वायरमन मनानं मोठा. आमच्या बायकोलाही तसंच वाटायचं, अजून वाटतं. मला बरं वाटायचं का? हो. तेही सांगून टाकतो. बरं वाटायचं.

हे सगळं तुम्ही समजून घेतलं असतंत कदाचित. पोरगेलं वय, हौस, भीती. मीही मला तसंच समजून घेतलं होतं. पण मला जे सांगायचंय ते हे नव्हे. त्याच्या भोवतीच मी इतका वेळ फिरतोय.

कमलचं लग्न ठरलं. जळकोटकडचं स्थळ, पोरगा शिकलेला. लग्नाच्या आधी नाना एका सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले. मी तेव्हा संघात सुपरवायझर झालो होतो. बायको आत चहा ठेवायला गेली. नाना खांबाला टेकून, मिटत नसलेले हात मांडीवर ठेवून बसले होते.

"वायरमन, एक इचारू का?"

"इचारा की नाना."

"तू जीप बघितली हुतीस त्या टायमाला. जळल्यावर." ते माझ्याकडं बघत नव्हते. "बिडीच आसंल का रं ती?"

मी आत बायकोची चाहूल घेतली.

"न्हाय, म्या माझी चूक झाकाय बघत न्हाय. पर कवा कवा वाटतंय, बिडी म्या डाव्या अंगाला फेकली हुती. वारं उजवीकडनं हुतं. मग आत कशी आली? का दुसरंच काय असंल? त्या वायरी लई जुन्या हुत्या. उंदरानं खाल्ल्याल्या. तूच म्हणायचास." मग मांडीवरचे हात पालथे केले. "लग्नात पोरीच्या पाठीमागं मामानं हुबं ऱ्हायचं असतंय. आता तिच्या आईला म्या जाळलं, अन म्याच मामा म्हणून हुबा ऱ्हाऊ? कसं हुबा ऱ्हाऊ, सांग. तू नुस्तं म्हण, दुसरं बी असू शकतंय. हुतंच, असं नगं म्हणूस. असू शकतंय, एवढंच म्हण. म्या तेवढ्यावर हुबा ऱ्हातो."

एवढंच मागत होते. माझी कबुली मागत नव्हते. वायर कुणाची, हे विचारत नव्हते. माझं नाव कुठं येत नव्हतं, नोकरी जात नव्हती, कुणाला काही कळणार नव्हतं. उंदरांवर घालायचं होतं नुसतं. 'असू शकतंय.' उच्चारायला एक श्वास पुरला असता.

मी म्हणालो, "न्हाय नाना. वायरिंग चांगली होती. बिडीच ती."

का म्हणालो? पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलंय. एकदा 'असू शकतंय' म्हटलं की ते आणखी विचारतील, अशी भीती होती असं म्हणता येईल. पण खरं सांगू? त्या क्षणी भीती नव्हतीच. इतकी वर्षं एक गोष्ट पक्की ठेवली होती, तिला कुणीतरी हलवायला आलं, आणि मी ती घट्ट धरली. दुसऱ्याच्या छातीवर ठेवलेलं ओझं होतं, आणि मी ते माझ्या वस्तूसारखं जपलं. हौसेनं वायर ओढली असं म्हणतो. भिऊन ती विहिरीत टाकली असंही म्हणतो. ओसरीवरच्या त्या 'न्हाय'ला मात्र कुठलंच नाव लावता आलेलं नाही.

नाना मान हलवत राहिले. "बरं," म्हणाले. "बरं झालं इचारलं. डोस्क्यात किडा हुता उगं." बायको चहा घेऊन आली. नानांनी कप दोन्ही तळव्यांत धरून चहा प्यायला. उठताना म्हणाले, "मग तूच हुबा ऱ्हा. तिचं सगळं तूच बघितलंस. तुझ्याबिगर कोण हाय तिला मामा?"

नको म्हणायला हवं होतं. बायको म्हणाली, "राहतील की. त्यांना किती बरं वाटंल." मी हो म्हणालो.

आणि उभा राहिलो. नवा फेटा बांधून, अंतरपाटाच्या या बाजूला, सोजरअक्काच्या लेकीच्या पाठीमागं, तिच्या खांद्याला हात लावून. मंगलाष्टकं चालली होती. मंडपाच्या कडेला पाण्याच्या टिपापाशी नाना उभे होते. पाहुण्यांना पाणी देत होते. तांब्या त्यांच्या बोटांतून सटकत होता, दोन्ही मनगटांत दाबून ओतत होते. अक्षता टाकायच्या वेळी कुणीतरी त्यांच्या तळहातावर तांदूळ ठेवले. मूठ वळेना. तांदूळ तिथंच पायाशी सांडले. त्यांनी वाकून ते एकेक वेचले आणि तिथूनच, लांबून, मंडपाच्या दिशेनं टाकले. पोचले नाहीत.

लग्न लागल्यावर कमल आधी माझ्या पाया पडली.

नाना गेल्या साली गेले. शेवटचे काही दिवस मी त्यांच्या उशाशी होतो. दुपारच्या वेळी बऱ्याचदा घरात आम्ही दोघंच असायचो. ते शुद्धीवर होते. ऐकू येत होतं. मी त्यांना माझ्या लग्नाची गोष्ट सांगितली, हॉर्नची. त्यांना आवडायची. हसले. मी नेहमीच्याच जागी संपवली.

कमलला सांगता येईल, अजूनही. ती पंचमीला येते, सासरहून. नानांच्या घराला आता कुलूप आहे, म्हणून आमच्याकडंच उतरते. लेकरांना घेऊन वेशीतून आत येते आणि लांबूनच हाक मारते, "मामा!"

मी ओ देतो.